वैद्यकीय शिक्षण आणि लोकसेवा

(ज्ञातिमंडळाच्या पनवेल येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आताच वाचून दाखविण्यात आली. त्यांत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींच्या नावांना टाळ्या सर्वांत अधिक पडल्या आणि ते स्वाभाविकच आहे. अशा एकेका प्रवेशामागे मुलांचे दोन-तीन वर्षांचे जागरण, आईबापांची काटकसर आणि शिकवणीवर्गांची भरमसाट फी उभी असते. त्या कुटुंबांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने मला दिली आहे. तिचा लाभ घेऊन या आनंदाच्या प्रसंगी थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा मागतो.

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचे पालक भेटले म्हणजे बहुधा दोन प्रश्न विचारतात. पुढे कोणती शाखा घ्यावी, हा पहिला. दुसरा आवाज जरा उतरवून विचारला जातो : "ते खेड्यात जाण्याचे प्रकरण टाळता येईल का हो?" आजचे माझे बोलणे या दुसऱ्या प्रश्नापुरते आहे.

या 'प्रकरणा'चे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कुटुंब दत्तक योजना अभ्यासक्रमात आणली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे किमान तीन, शक्य तर पाच कुटुंबे सोपवावयाची आणि पुढील वर्षांत त्याने त्याच घरी जात राहावयाचे, अशी ती योजना आहे. याशिवाय पदवीपरीक्षेनंतरच्या आंतरवासितेत बारा आठवडे सामुदायिक वैद्यकासाठी राखलेले असतात, आणि सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांस आपल्या राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवाही आहे. पालकांच्या लेखी हा सारा काळ पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासातून कापून घेतलेला. माझे म्हणणे असे की, यांतील पहिली गोष्ट, म्हणजे त्याच घरी पुनःपुन्हा जाणे, नीट घडली तर वैद्यकी शिकविणारा तिच्याएवढा मोठा शिक्षक दुसरा नाही. ती नीट घडली नाही, तर पालकांची तक्रार खरी आहे.

१९६१ साली कर व्हाइट या अमेरिकन वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह एक साधा हिशेब प्रसिद्ध केला. एक हजार प्रौढ माणसे घ्यावीत. महिन्याभरात त्यांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखणे जाणवते. त्यांतील २५० जण डॉक्टरांकडे जातात. रुग्णालयात दाखल होतात ९. आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात, म्हणजे जेथे विद्यार्थी शिकतात तेथे, पोहोचतो अवघा एक. हा हिशेब इंग्लंड-अमेरिकेतील माहितीवरून मांडलेला आहे. आपल्याकडे आकडे निराळे पडतील. पण त्यातील मर्म बदलत नाही. विद्यार्थी त्या एका रोग्यावर शिकतो आणि जन्मभर उरलेल्यांवर उपचार करतो. तो एक रोगी बहुधा विलक्षण व्याधीचा असतो, दुखणे बरेच वाढल्यावर आलेला असतो, आणि खाटेवर निजला म्हणजे त्याचे घर, त्याची चूल, त्याचे कर्ज यांतले काहीही त्याच्या उशाशी दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील दाखला याहून बोलका आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची घरोघर विचारपूस करून तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतील ९२ स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. त्या बहुतेक बायाबापड्या त्यापूर्वी कोणाही डॉक्टरांकडे त्यासाठी गेल्या नव्हत्या. रुग्णालयाच्या दारात शंभर वर्षे बसून राहिले असते तरी हा आकडा कोणाच्या दृष्टीस पडला नसता.

पनवेल हे वैद्यकीला नवखे गाव नव्हे. धूतपापेश्वराचा औषधी कारखाना येथे १८७२ साली निघाला आणि पनवेलचे नाव त्याच्या आसवारिष्टांबरोबर दूरदूर गेले. त्या काळच्या वैद्याचा शिष्य गुरूमागून रोग्याच्या घरी जात असे. पाणी कोठल्या विहिरीचे, स्वयंपाक कशावर होतो, म्हातारी दिवसाकाठी काय खाते, हे त्याला विचारावे लागत नसे. ते दिसत असे. जुन्या वैद्यकीचा मी अवास्तव गौरव करीत नाही. पटकीची आणि देवीची साथ आली म्हणजे ती हतबल होई. पाश्चात्य वैद्यकाने रोगी वॉर्डात आणला, त्याची नोंद ठेवली, आणि त्यामुळे जे ज्ञान वाढले त्याचे उपकार आपण सर्वजण भोगीत आहोत. मात्र या स्थित्यंतरात विद्यार्थ्याचे रोग्याच्या घरी जाणे सुटले.

ही उणीव जाणत्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल सादर केला, त्यात प्रत्येक डॉक्टराला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे, त्याला 'सामाजिक वैद्य' बनवावे, अशी स्पष्ट शिफारस आहे. १९७७ साली सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांकडे प्रत्येकी तीन विकासगट सोपविण्याची योजना काढली. फिरत्या दवाखान्यांच्या मोठमोठ्या गाड्याही दिल्या. खेड्यांतील अरुंद रस्ते त्या गाड्यांना मानवले नाहीत आणि योजना बहुतेक ठिकाणी मावळली. सरकारी योजनांचे हे असे व्हावयाचेच, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण याच महाराष्ट्रात एक संस्था ते काम पन्नासाहून अधिक वर्षे करीत आली आहे, तिच्याकडे आपण पाहिले पाहिजे.

गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. डॉ. नायर या गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या. पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री. सेवाग्रामला नव्या विद्यार्थ्याचा पहिला पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात जातो. त्यानंतर प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते. पंधरा दिवस त्या गावीच मुक्काम पडतो, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येतात, आणि शिबिर संपले तरी त्या कुटुंबांशी संबंध संपत नाही. पुढील वर्षांत ठराविक दिवशी तो विद्यार्थी त्याच उंबऱ्यावर पुन्हा उभा असतो. यातील पंधरा दिवसांच्या मुक्कामाचे कौतुक सर्वजण करतात. मला महत्त्व वाटते ते पुन्हा उभे राहण्याचे. पहिल्या भेटीत माणसे पाहुण्याला सांगावयाचे तेच सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरे बोलू लागतात. आणि चौथ्या भेटीला एखादी आजी विचारते, "मागं तू म्हणालास गोळ्या घे, घेतल्या, पण गुण नाही आला. आता काय?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी जो विद्यार्थी रात्री पुस्तक उघडतो, त्याचा तो अभ्यास परीक्षेनंतर पुसला जात नाही, हे वैद्यकी शिकविणारा कोणीही मान्य करील.

हे फार मोघम वाटत असेल, तर एक नित्याची बाब घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. उपाय पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतो : लोहाच्या गोळ्या. बाह्यरुग्ण विभागात त्या लिहून देण्यास अर्धे मिनिट पुरते. आता हाच विद्यार्थी तिच्या घरी जातो. गोळ्यांचे पाकीट फळीवर जवळजवळ अखंड पडलेले. ती उपाशीपोटी गोळी घेते, तिला मळमळते. शौचास काळे झाले, म्हणून ती घाबरली. गोळ्यांनी गर्भ मोठा होतो आणि बाळंतपण अडते, असे सासूचे मत. शिवाय गोळी घेतली तर ती चहाबरोबर, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. यांपैकी चहाची गोष्ट तेवढी पुस्तकात ठळक असते. बाकीचे शिकावयाचे तर त्या फळीखाली बसावे लागते, आणि सासूचा अपमान न करता सासूशी बोलावे लागते. हे बोलणे हेही शास्त्रच आहे.

आता आपल्याच रायगड जिल्ह्यातील एक थोर उदाहरण सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, तेथे आणली जात. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, मग फुफ्फुसांत पाणी आणि मृत्यू. पुस्तकांत यावर धड मजकूर नव्हता, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांच्या वॉर्डांत असे रोगी येतच नव्हते. बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, तासातासाच्या नोंदी ठेवल्या, आणि १९८२ साली 'लॅन्सेट'ने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. तोही लेख १९८६ साली तेथेच आला. या उपचारानंतर विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीला 'शिक्षेची बदली' मानणारे डॉक्टर पुष्कळ झाले असतील. त्या केंद्रातच आपल्याला गुरू भेटणार आहे हे ओळखणारा एक निघाला. प्रत्येकजण बावस्कर होईल असे मी म्हणत नाही. ते एकटे शिकले. सामान्य विद्यार्थ्याला सोबत शिक्षक लागतो. हा मुद्दा मी पुढे घेणार आहे.

बिरवाडी पनवेलपासून दूर, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्या तालुक्यातच पाहू. कामोठ्याला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेरे येथे शांतिवन आहे, जेथे कुष्ठरोग्यांना आसरा मिळाला. पनवेल आता महानगरपालिका झाले, विमानतळासाठी गावे उठली, शेत गेलेल्या घरांत मोटारसायकल आली आणि मोटारसायकलीमागून मधुमेह आला. आणि या सगळ्या लगबगीपासून तासाभराच्या अंतरावर, माथेरानच्या पायथ्याशी आणि कर्नाळ्याच्या आसपास, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. पूर्वी खैराचा कात काढणारे हे लोक पुढे कोळसा पाडू लागले आणि आता बहुसंख्य वीटभट्ट्यांवर राबतात. पावसाळ्यात मालकाची उचल अंगावर घ्यावयाची, दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जावयाचे, आणि पाऊस तोंडावर आला की वाडीवर परतावयाचे.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. वीटभट्टीचा हंगामही साधारण तेवढाच. भाद्रपदात ज्याच्या थुंकीत जंतू सापडले, तो कातकरी तरुण औषध निम्म्यावर आले असता वाडी सोडतो. दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे 'उपचार सोडला' अशी नोंद होते, आणि वर्गात शिकविले जाते की अज्ञानामुळे रोगी औषध अर्धवट टाकतात. अज्ञान कोणाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. सरकारी नोंदणीक्रमांक मिळालेल्या क्षयरोग्याला आपले औषध देशात कोठेही चालू ठेवता येते. परंतु तो कोणत्या तालुक्यातील कोणत्या भट्टीवर निघाला, हे आधी कोणास तरी ठाऊक असावे लागते. हे ठाऊक असण्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. त्या घराशी ओळख लागते. ज्या विद्यार्थ्याकडे ते घर सोपविलेले आहे, त्याने गणपतीनंतरच्या भेटीत "यंदा मुकादम कोण?" एवढे विचारले आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला कळविले, तर एका माणसाचे औषध पुरे होते; त्याच्या अंगाखांद्यावर खेळणारी मुले त्या आजारातून वाचतात. आणि रोगाचे मूळ जंतूखेरीज उचलीतही असते, हे त्या विद्यार्थ्याला कोणी व्याख्यान न देता समजते.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून मी हे मुद्दाम बोलतो आहे. आपली मुले आपल्या वस्तीत वाढतात, आपल्या लग्नकार्यांत वावरतात, आणि शिकवणीवर्गातून सरळ शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहतात. परक्या समाजाच्या घरात सतरंजीवर बसून त्यांच्या हातचे पाणी पिण्याचा योग त्यांच्या आयुष्यात त्यापूर्वी आलेलाच नसतो. उद्या त्यांच्यापुढे जे रोगी येतील त्यांतले किती आपल्या ज्ञातीचे असतील? मंडळाने मुलांसाठी वसतिगृहाची सोय केली, शिष्यवृत्त्या दिल्या, हे चांगलेच केले. त्याबरोबर त्यांना ज्ञातीच्या कुंपणाबाहेरची वाटही दाखवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता आक्षेपांकडे येतो. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे; त्यांनी गटाने, दिवसा, गावातील आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन जावे, आणि ही व्यवस्था करणे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे. पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास बुडतो, या आक्षेपाला मी फारसे महत्त्व देत नाही. महिन्यातील एक दिवस याहून कितीतरी व्यर्थ गोष्टींत जातो. तिसरा आक्षेप मात्र मला स्वतःला अस्वस्थ करतो, आणि तो पालक घेत नाहीत. गरिबाच्या घराचा आपण शाळेतला फळा तर करीत नाही ना? विद्यार्थी येणार, वजन घेणार, रक्तदाब मोजणार, पन्नास प्रश्न विचारणार, अहवाल लिहून गुण मिळविणार. त्या घराला काय मिळणार? पहिल्या वर्षाच्या मुलाला औषध देता येत नाही आणि त्याने देऊही नये. तेव्हा त्याच्या मागे शिक्षक हवा, आणि त्या शिक्षकाच्या मागे रुग्णालयाचे उघडे दार हवे. मुलाने शोधलेल्या रोग्यास दुसऱ्या आठवड्यात तपासून मिळाले, त्याची चिठ्ठी खिडकीवर अडली नाही, तर त्या घराचे देणे फिटते. नाहीतर तो विद्यार्थी एक गोष्ट पक्की शिकतो : गरिबाकडून माहिती घ्यावी आणि परत जाऊ नये. हे शिकण्यापेक्षा त्याने घरी बसून अभ्यास केलेला बरा.

याच कसोटीवर आपल्या मंडळाचे वार्षिक आरोग्य शिबिर तपासून पाहू. कोणाचे मन दुखविण्याचा हेतू नाही. कार्यकर्त्यांची तळमळ मी जाणतो. वर्षातून एक रविवार, एक मंडप, उद्घाटनाला तास-दीड तास, मग चारशे माणसांची रांग. रक्तदाब वाढलेला आढळला तर पाच दिवसांच्या गोळ्या; आणि विकार जन्माचा. सहाव्या दिवशी तो माणूस काय करतो, याची नोंद मंडळाच्या अहवालात मी शोधली; तेथे फक्त तपासलेल्यांची संख्या सापडली. आपली वैद्यकीची मुले त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून बिल्ला लावून उभी असतात. त्या रांगेतून ती काय शिकत असतील, याचा आपण विचार करावा.

म्हणून कार्यकारी समितीपुढे एक सूचना ठेवतो. पुढील वर्षी शिबिराचा खर्च मंडपावर न करता आपण पनवेल तालुक्यातील एकच वाडी निवडावी. तीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने, म्हणजे जेथे दुसऱ्या कोणाचे काम चालू आहे तेथे गर्दी होणार नाही. मंडळाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने तेथील दोन कुटुंबे आपली मानावीत आणि शिक्षण पुरे होईपर्यंत, दोन महिन्यांतून एकदा तरी, तेथे जावे. प्रवासखर्च, रक्तदाबाचे यंत्र आणि वजनकाटा मंडळाने द्यावा. ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी पाळीपाळीने एक रविवार द्यावा, कारण शिक्षकावाचून हे काम धड होणार नाही हे मी आताच सांगितले. पहिला रविवार मी देतो. एक वही असावी, आणि तिच्यात तपासलेल्यांची संख्या न लिहिता, मागच्या भेटीत ज्याला जे सांगितले त्याचे पुढे काय झाले, एवढेच लिहिले जावे. ती वही पुढील वार्षिक सभेत वाचली जावी, अपयशाच्या नोंदींसह.

वाडीवरील माणसे दिवाळीनंतर भट्ट्यांकडे निघतात. तेव्हा पहिली भेट त्यापूर्वी झाली पाहिजे, आणि दुसरी भेट वाडीवर नव्हे, भट्टीवर. ज्या विद्यार्थ्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. त्यांच्या पालकांपैकी ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी मी चहापानानंतरही थांबणार आहे.